हीनयान-महायानाच्या पलीकडे

शाळेच्या इतिहासात बौद्ध धर्माच्या शाखा दोन ओळींत आटोपतात. मूर्ती न करणारे हीनयान, मूर्ती पूजणारे महायान, आणि कनिष्काच्या काळात दोघांची फारकत. लेणी दाखवणारे वाटाडेही हेच सांगतात: आत नुसता स्तूप असेल तर हीनयान, बुद्धमूर्ती असेल तर महायान. ही वाटणी पाठ व्हायला सोपी आहे, पण तिच्यामुळे नुकसान फार झाले. जुन्या परंपरेचे म्हणवले जाणारे श्रीलंका, म्यानमार, थायलंड हे देश घ्या. तिथे बुद्धमूर्ती नसलेला विहार शोधून सापडायचा नाही. उलट कार्ल्याच्या चैत्यगृहात मध्यभागी स्तूपच आहे, म्हणून त्या लेण्याला ‘हीनयान’ असे बिनदिक्कत म्हटले जाते. आणि तिथलाच एक शिलालेख सांगतो की वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४व्या राज्यवर्षात हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप कोरवून महासांघिकांना दान दिला. महायानाचे मूळ ज्यांच्या विचारात अनेक अभ्यासक शोधतात, तेच हे महासांघिक. त्याच चैत्यगृहातल्या एका खांबाचे दान सोपाऱ्याच्या धम्मोत्तरीय परंपरेतल्या माणसाचे आहे. नाशिकला गौतमी बलश्रीने दिलेले लेणे भद्रायणीय भिक्खूंसाठी होते. म्हणजे सह्याद्रीच्या या भिंतींवर जी नावे प्रत्यक्ष कोरलेली आहेत, त्यांत ‘हीनयान’ कुठेच नाही. ते नाव प्रतिपक्षाने ठेवलेले, आणि आज स्वतःला त्या नावाने ओळखणारा एकही समाज जगात नाही.

शिलालेखांतली ही नावे निकायांची आहेत, आणि शाखांचा प्रश्न तिथूनच समजून घ्यायला हवा. निकाय म्हणजे एका विनयाखाली, म्हणजे एकाच नियमावलीखाली राहणारा, एकत्र उपोसथ करणारा, एकमेकांची उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, मान्य करणारा भिक्खूसंघ. परंपरा असे अठरा निकाय मोजते. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती, म्हणजे संघाची धर्मसभा, भरली. उपालीने विनय सांगितला, आनंदाने सुत्ते सांगितली. पुढे सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत जो वाद पेटला तो आत्मा, शून्यता किंवा निर्वाण यांवरून नव्हताच. उपोसथाच्या दिवशी तिथले वज्जी भिक्खू काशाचे भांडे पाण्याने भरून ठेवीत आणि उपासकांना त्यात संघासाठी कार्षापण टाकायला सांगत. यश नावाच्या पाहुण्या भिक्खूने हरकत घेतली. वज्जी भिक्खूंवर दहा आक्षेप होते: शिंगात मीठ साठवून ठेवणे, दुपार दोन बोटे टळल्यावर जेवणे, सोने-रूपे स्वीकारणे असे. त्यासाठी भरलेल्या सभेने हे प्रकार नियमबाह्य ठरवले. त्यानंतर केव्हातरी संघात स्थविर आणि महासांघिक असे दोन तट पडले. स्थविरांच्या पाली बखरी याचा दोष त्या सुटसुटीत वागणाऱ्या भिक्खूंवर ठेवतात, तर महासांघिकांच्या बाजूचा एक जुना ग्रंथ म्हणतो की स्थविरांनीच मूळ नियमांत भर घातली आणि आम्ही जुन्या नियमांनाच धरून राहिलो. खरे कोणाचे, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एक गोष्ट पक्की दिसते. संघ फुटला तो माणसांनी एकत्र कसे राहावे यावरून.

ही गोष्ट जुन्या काळापुरती नाही. आज जगात विनयाच्या तीनच परंपरा जिवंत आहेत. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया इथले भिक्खू थेरवादी विनय पाळतात. त्यात भिक्खूसाठी २२७ नियम. चीन, तैवान, कोरिया, व्हिएतनाममध्ये धर्मगुप्तकांचा विनय चालतो, नियम २५०. तिबेटी परंपरेत मूलसर्वास्तिवादींचा विनय, नियम २५३. धर्मगुप्तक आणि सर्वास्तिवादी हे दोघेही त्या जुन्या अठरांतलेच. म्हणजे कट्टर महायानी चिनी भिक्खूने चीवर घेतले ते ‘हीनयानी’ म्हणून हिणवलेल्या निकायाच्याच नियमांखाली! सातव्या शतकात नालंदात राहिलेल्या इत्सिंगने याचा उलगडा स्वच्छ केला आहे. तो लिहितो की दोन्ही बाजूंचा विनय एकच. जे बोधिसत्त्वांना पूजतात आणि महायान सूत्रे वाचतात ते महायानी, जे तसे करत नाहीत ते दुसरे. त्याच शतकात पुलकेशीच्या राज्यातून गेलेला ह्युएनत्संग महाराष्ट्रात सुमारे शंभर विहार आणि पाच हजारांवर भिक्खू असल्याची नोंद करतो, आणि तिथे दोन्ही यानांचा अभ्यास चालतो असेही सांगतो. एकाच विहारात, एकाच आवारात, एक जण प्रज्ञापारमितेसारखे महायान सूत्र वाचतोय आणि शेजारच्या खोलीतला वाचत नाही, असे ते चित्र होते. महायान हा कोणी मोडून बाहेर काढलेला पंथ नव्हता. निकायांच्या पोटातूनच वाढलेला तो ग्रंथांचा, ध्येयाचा आणि भक्तीचा प्रवाह होता.

मग फरक आहे कुठे? माझ्या मते तो दोन प्रश्नांच्या उत्तरांत आहे. साधकाने व्हायचे काय, आणि ते होण्यासाठी आधार कोणाचा घ्यायचा?

थेरवादाचे उत्तर: अर्हत व्हायचे. तृष्णा संपवायची, पुन्हा जन्म नाही अशी अवस्था गाठायची, आणि तीही स्वतःच्या शील-समाधी-प्रज्ञेच्या बळावर. बुद्ध वाट दाखवून गेले, चालायचे आपण. ही परंपरा अशोकपुत्र महेंद्राबरोबर श्रीलंकेत गेली, अनुराधपूरच्या महाविहारात रुजली. तिपिटक तोवर तोंडपाठ चालत आले होते. दुष्काळ आणि लढायांत पाठ करणारेच उरणार नाहीत या भीतीने इसवी सनपूर्व पहिल्या शतकात ते ताडपत्रांवर उतरवले गेले. पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ लिहिला आणि थेरवादाला आजचे रूप आले. आपल्याकडे हा धम्म पुन्हा आणला तो मुख्यतः धर्मानंद कोसंबींनी. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस १९०२ मध्ये श्रीलंकेत भिक्खू झाला, पाली शिकला आणि मराठीत लिहिता झाला. मराठी वाचकाच्या मनातला बुद्ध आजही बहुतांशी पालीतला बुद्ध आहे याचे मोठे श्रेय कोसंबींचे. महायानाकडे आपण थोडे परकेपणाने पाहतो, त्याचेही एक कारण हेच असावे.

थेरवादाचा रोजचा व्यवहार भिक्खू आणि गृहस्थ यांच्या देवाणघेवाणीवर उभा आहे. भल्या पहाटे भिक्खू अनवाणी निघतात, पात्रात पडेल ते घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत. भिक्खूला अन्न देऊन गृहस्थ पुण्य जोडतो, आणि निर्वाणाची खटपट बहुधा भिक्खूवर सोपवतो. गृहस्थांनी दहा-दहा दिवस डोळे मिटून ध्यानाला बसावे ही कल्पना आज थेरवादाची ओळख झाली असली तरी ती अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रह्मदेशात लेडी सयाडोंनी तिला चालना दिली, ऊ बा खिन यांनी ती गृहस्थांत रुजवली आणि त्यांचे शिष्य गोयंका गुरुजींनी ती इगतपुरीला आणली.

या परंपरेची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. श्रीलंकेत उपसंपदेची परंपरा तुटली तेव्हा १७५३ मध्ये सयामहून भिक्खू बोलावून ती पुन्हा सुरू केली. त्यातून उभा राहिलेला सियाम निकाय लवकरच गोविगम या वरच्या मानल्या गेलेल्या जातीपुरता बंद झाला. ज्यांना दार लावले गेले त्या जातींतले श्रामणेर १८००च्या सुमारास समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरपुराला गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि परतून अमरपुर निकाय स्थापला. समतेचा धम्म सांगणाऱ्या संघातही जात शिरते, आणि तिच्याविरुद्धचा मार्गही संघाच्याच नियमांतून निघतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला यावर वेगळे भाष्य नको.

महायानाचे ध्येय अर्हत नव्हे, बुद्ध. सगळ्या प्राण्यांच्या मुक्तीसाठी असंख्य जन्म घ्यायची तयारी ठेवणारा बोधिसत्त्व हा त्याचा आदर्श. बोधिसत्त्वाची कल्पना थेरवादातही आहे, जातककथा त्याच्याच तर आहेत; पण तिथे तो मार्ग एखाद्या विरळ्याचा. महायानाने तो सगळ्यांपुढे ठेवला. त्याबरोबर नवी सूत्रे आली: प्रज्ञापारमिता, सद्धर्मपुंडरीक, विमलकीर्तिनिर्देश, सुखावतीव्यूह. इसवी सन १७९ मध्ये लोकक्षेम या कुषाण प्रदेशातल्या भिक्खूने अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेचे चिनी भाषांतर लोयांगला पुरे केले होते, म्हणजे मूळ त्याआधीचे. ही सूत्रे बुद्धवचने आहेत की नाहीत, हा त्या काळचा खराखुरा वाद होता. थेरवाद आजही ती मान्य करत नाही.

विचाराच्या बाजूने महायानाचे सर्वात मोठे देणे नागार्जुनाचे. परंपरा त्याचे नाव दक्षिणेशी जोडते. विदर्भात रामटेकच्या डोंगराशीही जोडते. त्याची शून्यता म्हणजे ‘काहीच नाही’ असे आपल्याकडे अजून सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर, इतर कशावर न टेकता उभी नाही, एवढेच तो म्हणतो. हाच बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद आहे असे त्याने स्वतःच सांगितले आहे. पुढे असंग-वसुबंधूंनी योगाचाराच्या अंगाने जाणिवेचा शोध घेतला. शतकानुशतके हे दोन प्रवाह एकमेकांशी भांडत आणि एकमेकांकडून शिकत राहिले.

भक्तीच्या बाजूने काय झाले ते पाहायला मात्र औरंगाबादच्या सातव्या लेण्यात उभे राहावे. ओवरीत दाराच्या डावीकडे अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटी छोटी दृश्ये आहेत: आग लागली आहे, तलवार उगारली आहे, जहाज बुडते आहे, सिंह आणि हत्ती अंगावर धावून येत आहेत, आणि प्रत्येक चौकटीतला माणूस हात जोडून त्याच्याकडे पाहतो आहे. हे व्यापारी मार्गावरचे लेणे होते. बंदरात जहाज सोडणाऱ्याला, घाटातून तांडा नेणाऱ्याला अर्हताच्या निर्वाणापेक्षा हाकेला धावणारा बोधिसत्त्व जवळचा वाटला असेल, तर त्यात नवल काय? हाच अवलोकितेश्वर चीनमध्ये पोचल्यावर हळूहळू स्त्रीरूप झाला आणि ग्वानयिन म्हणून घराघरांत गेला.

पूर्व आशियात महायानाला जितक्या फांद्या फुटल्या तितक्या कुठेच नाहीत. सगळ्यांत मोठा जनप्रवाह सुखावतीचा. अमिताभ बुद्धाने संकल्प केला आहे की त्याचे नाव घेणारा त्याच्या क्षेत्रात जन्मेल. तेव्हा नाव घ्या. जपानमध्ये होनेनने (११३३–१२१२) हे सर्वसामान्यांपर्यंत नेले. त्याचा शिष्य शिनरान आणखी पुढे गेला: माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नांत अहंकार दडलेला असतो, म्हणून भरवसा फक्त अमिताभाच्या कृपेवर. हद्दपारी सोसलेल्या, लग्न केलेल्या या माणसाने भिक्खू आणि गृहस्थ ही मूळ भिंतच पाडली. वारकऱ्यांच्या नामस्मरणावर वाढलेल्या मराठी मनाला शिनरान झेनपेक्षा लवकर कळेल, असे मला नेहमी वाटते. पण आपल्याकडे पुस्तके निघतात ती झेनवर! झेनचा भर शास्त्रापेक्षा बैठकीवर आणि गुरुशिष्यांच्या समोरासमोरच्या भेटीवर. जपानी सोतो परंपरेचा प्रवर्तक दोगेन म्हणे की बसणे हे बोधीचे साधन नाही, ते बसणेच बोधी आहे. निचिरेनने बाकी सगळे बाजूला सारून सद्धर्मपुंडरीकाच्या नावाचा जप सांगितला. जपानात या पंथांच्या सीमा आखीव झाल्या. चीन आणि व्हिएतनाममध्ये मात्र एकाच विहारात सकाळी ध्यान आणि संध्याकाळी अमिताभाचे नाव, असे सहज चालते.

जपानचे वेगळेपण पुन्हा विनयापाशीच येऊन थांबते. नवव्या शतकात साइचोच्या तेंदाई पंथाने धर्मगुप्तकांचा विनय सोडून फक्त बोधिसत्त्वशीलांवर दीक्षा द्यायला सुरुवात केली, आणि १८७२ मध्ये मेइजी सरकारने भिक्षूंच्या लग्नावरची आणि मांसाहारावरची बंदी उठवली. आज जपानी मंदिराचा पुरोहित बहुधा संसारी असतो आणि मंदिर बापाकडून मुलाकडे जाते. कोलंबोच्या भिक्खूला हे पटणे कठीण. तिथल्या भिक्खूने पात्रात पडलेले मांस खाल्ले तर चिनी भिक्षुणीला तितकेच खटकेल, कारण तिची बोधिसत्त्वशीले मांसाला परवानगी देत नाहीत. थेरवादात आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा त्याचा संशय आला नसेल तर मांस चालते. बुद्धाचा जन्म, बोधी आणि महापरिनिर्वाण आपण वैशाखी पौर्णिमेला एकत्र साजरे करतो. जपानात त्यांसाठी ८ एप्रिल, ८ डिसेंबर आणि १५ फेब्रुवारी असे तीन वेगळे दिवस आहेत.

वज्रयानाला वेगळी शाखा म्हणावे की महायानाचाच एक मार्ग, यावर त्या परंपरेचे स्वतःचे उत्तर स्पष्ट आहे. ध्येय महायानाचेच, म्हणजे सर्वांसाठी बुद्धत्व. फक्त साधने वेगवान. मंत्र, मुद्रा, मंडल, देवतेचे ध्यान, आणि या सगळ्याला अधिकार देणारा गुरूचा अभिषेक. त्याची एक पायरी आपल्या डोळ्यांदेखत आहे. वेरुळच्या बाराव्या लेण्यात, तीन तालमध्ये, दगडात नऊ चौकटींचे मंडल कोरले आहे: मध्ये बुद्ध, भोवती आठ बोधिसत्त्व. कापडावर किंवा रंगीत वाळूने मंडल मांडायची तिबेटी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. इथे ते तिबेटच्या पहिल्या विहाराच्याही आधीचे, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात आहे. ते पाहायला थांबणारे प्रवासी फार कमी. सगळे सोळाव्या लेण्याकडे धावतात.

तिबेटचा तो पहिला विहार, साम्ये, आठव्या शतकात नालंदाचे शांतरक्षित आणि पद्मसंभव यांच्या हातून उभा राहिला. तिथेच कमलशीलाचा एका चिनी ध्यानाचार्याशी वाद झाला: बोधी एका क्षणात की पायरीपायरीने? तिबेटी इतिहास सांगतो की पायरीपायरीची भारतीय बाजू जिंकली. १०४२ मध्ये विक्रमशिलेहून अतिश आले. न्यिंग्मा, काग्यू, साक्य आणि चोंखापाच्या (१३५७–१४१९) शिकवणीतून निघालेला गेलुग, असे चार मुख्य संप्रदाय झाले. दलाई लामा गेलुग परंपरेतले. तिबेट म्हणजे केवळ गूढ मंत्रतंत्र ही समजूत दूर करायची असेल तर कर्नाटकात मुंडगोड किंवा बायलकुप्प्याला जावे. द्रेपुंग, गांदेन, सेरा ही तिबेटातली महाविद्यापीठे १९५९ नंतर तिथे पुन्हा उभी राहिली. संध्याकाळी आवारात भिक्षूंच्या जोड्या जमतात. एक बसलेला, दुसरा उभा. उभा असलेला पाय आपटून, टाळी वाजवून प्रश्न फेकतो. बसलेल्याने लगेच उत्तर द्यायचे. वाद असतो धर्मकीर्तीच्या प्रमाणशास्त्रावर, चंद्रकीर्तीच्या माध्यमकावर. जे नालंदा आपल्याकडे जमीनदोस्त झाले त्याचा अभ्यासक्रम असा जिवंत राहिला. काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवारांनी दुसरी बाजू राखली: त्यांचे वज्राचार्य गृहस्थ पुरोहित आहेत, आणि मूळ संस्कृत बौद्ध पोथ्या बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच वाचल्या.

आता आपल्या घरची शाखा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरचे थेरवादी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले, आणि मग लाखो लोकांना स्वतः बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. नवयान म्हणतात ते हे. दीक्षेची गाथा पाली, पण मांडणी आंबेडकरांची. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत युद्ध नको, या भूमिकेमुळे. दुःखाचे मूळ केवळ व्यक्तीच्या तृष्णेत नाही, माणसाने माणसावर लादलेल्या अन्यायातही आहे. मागच्या जन्मीच्या कर्माने हा जन्म खालचा, हा अर्थ तिथे ठामपणे नाकारला आहे. काही पाश्चात्त्य आणि थेरवादी अभ्यासक याला ‘खरा’ बौद्ध धर्म मानायला कचरतात. मला ते पटत नाही. नवी सूत्रे बुद्धाची नव्हेत असे महायानाला ऐकावे लागले, लग्न करणारा भिक्षू कसला असे शिनरानला ऐकावे लागले. वैशालीपासून प्रत्येक पिढीने धम्माचा गाभा कोणता यावर भांडूनच पुढचे पाऊल टाकले आहे. नवयानाने काही सोडले असेल, पण आंबेडकरांनी ते का सोडले याची कारणे पानापानावर लिहिली.

२०११च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यांतले ६५ लाखांवर महाराष्ट्रातले. वस्तीतल्या विहारात रविवारी पांढऱ्या कपड्यांत वंदना होते, वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन चालते, लग्न बौद्धाचार्य लावतात आणि ते गृहस्थच असतात. इथे धम्म उपासकांनी चालवला आहे. भिक्खू त्या मानाने थोडे, आणि त्यांनी करायचे काय हा प्रश्न खुद्द आंबेडकरांनीच त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारून ठेवला आहे: स्वतःची पूर्णता साधणारा, की समाजसेवक? त्याचे उत्तर अजून द्यायचे आहे.

शाखांच्या सीमा आज सगळ्यांत जास्त ताणल्या जातात त्या भिक्खुणींच्या प्रश्नावर. संघमित्रेने श्रीलंकेत नेलेली भिक्खुणी-परंपरा अकराव्या शतकाच्या सुमारास तिथे संपली. पण त्याआधी, पाचव्या शतकात, सिंहली भिक्खुणी समुद्रमार्गे चीनला गेल्या होत्या आणि त्यांनी चिनी स्त्रियांना उपसंपदा दिली होती. ती परंपरा चीन, कोरिया, तैवानात अखंड चालली. १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला त्याच पूर्व आशियाई संघाच्या मदतीने श्रीलंकेतल्या स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली. विरोधकांचे म्हणणे असे की तो विनय धर्मगुप्तकांचा, आमचा थेरवादाचा. जोड बसत नाही. तिबेटात तर भिक्षुणी-परंपरा पोचलीच नव्हती. २०२२ मध्ये भूतानचे प्रमुख धर्मगुरू जे खेन्पो यांनी १४४ स्त्रियांना भिक्षुणी केले. थायलंडमध्ये भिक्खूंनी स्त्रियांना दीक्षा देऊ नये हा संघराजाचा १९२८चा आदेश कायम आहे. तिथल्या प्राध्यापक छत्सुमर्ण कबिलसिंग २००३ मध्ये श्रीलंकेला जाऊन उपसंपदा घेऊन आल्या आणि धम्मानंदा झाल्या. त्यांच्यामागून इतर थाई स्त्रियाही त्याच वाटेने गेल्या. थायलंडचा अधिकृत संघ त्यांना अजूनही भिक्खुणी मानत नाही.